शेवटचं ताट

"बाबा, आटपा ना. वरण गार झालं."

ज्ञानदाचा उष्टा हात कधीचा वाळला होता. सौदीतल्या अबकैकच्या त्यांच्या घरात शुक्रवारचं जेवण असंच लांबायचं. आई गेल्यावर देवदत्त लेकीकडे आले, त्याला सहा वर्षं झाली. त्यांचा नियम एकच, सगळ्यांची ताटं रिकामी होईपर्यंत कोणी उठायचं नाही. शेवटचं ताट नेहमी त्यांचंच असायचं.

"तर बोलिव्हियात आम्ही तेलविहिरी खणायचो. राहायला मातीची खोली. दिवा मालवला, की भिंतीच्या भेगांतून..."

देवदत्त थांबले. ताठ झाले, हनुवटी वर केली, दोन घोट पाणी प्यायले. ऐन मोक्याला थांबायची त्यांची खोडच होती.

"भूत?" जावई गुरुनाथनं विचारलं.

"ढेकूण! नखाएवढाले."

"जेवताना इतकं पाणी पिऊ नये," ज्ञानदा म्हणाली आणि चक्क उठली. "राहिलेली गोष्ट उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात असतानाच ते कोसळले. तिसऱ्या दिवशी गेले.

रक्ताचा अहवाल नंतर आला. डॉक्टर अरवांनी स्कॅन समोर धरला. देवदत्तांची अन्ननलिका पिशवीसारखी फुगली होती. आजाराचं नाव चागास. तिकडचा मातीच्या भिंतीतला ढेकूण चावतो, त्याचे जंतू अंगात शिरतात, माणूस ते विसरूनही जातो. पुढे कित्येक वर्षांनी अन्ननलिकेच्या नसा मरतात, हृदय पोखरलं जातं.

"प्रत्येक घास छातीत अडकत असणार. पाण्याच्या भारानं खाली उतरायचा, तेवढाच," अरवा म्हणाल्या. "ते जेवत तरी कसे होते?"

"गोष्टी सांगत," ज्ञानदा म्हणाली.

पुढच्या शुक्रवारी तिनं तीन ताटं वाढली. जेवताना तिच्या मनात एकेक गोष्ट येत गेली. आईनं लग्नात धरलेला रुसवा, तिच्या स्वतःच्या जन्माच्या दिवशी बंद पडलेली रिक्षा, बोलिव्हियातली थंडी. सगळं याच टेबलावर, दोन घासांच्या मधे ऐकलेलं. दहा मिनिटांत जेवून उठणारा बाप असता, तर यातलं काय तिच्या हाती लागलं असतं?

जेवण झालं. गुरुनाथ उठू लागला. तिनं त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं आणि भरलेल्या ताटामागच्या खुर्चीकडे पाहिलं.

"सावकाश जेवा, बाबा. मी बसलेय."