सगळं ओरिजिनल

भंगारात घेतलेलं जुनं लढाऊ विमान गणपतरावांनी कागलच्या शेडमध्ये दोन वर्षं खपून उजळवलं. आतला एकही पार्ट बदलला नाही, म्हणून तर गिऱ्हाईक सोन्याच्या भावानं घ्यायला तयार होतं. खंडेनवमीला त्यांनी विमानाची पूजा केली, नारळ फोडला अन् पायलटच्या सीटखालच्या पिवळ्या कडीला झेंडूचा हार बांधला. बायको, प्रमोदिनी, फोटोसाठी हौसेनं सीटवर जाऊन बसली.

तेवढ्यात विमानदलातनं निवृत्त झालेल्या मित्राचा फोन आला.

"गणपतराव, सीटखालची काडतुसं काढलीसा न्हवं? ती कडी वडली की सीट माणसासकट आभाळात जाती."

"न्हाय की. सगळं ओरिजिनल..." गणपतरावांची नजर वर शेडच्या पत्र्याकडं गेली.

"अवो," विमानातनं प्रमोदिनी ओरडली, "हार फोटोत आडवा येतोय. थांबा, वडून काढते!"