पंक्चरचं वळण

ऑक्टोबर लागला की फ्रान्समधला लोदेव्हचा घाट चढताना माझा दोस्त फुल्क्रान याची सायकल चेस्टनटच्या जंगलातल्या त्याच वळणावर पंक्चर व्हायची. "तू हो पुढे, मी आलोच," असं तो दर रविवारी म्हणायचा. आज मला राहवलं नाही. मी थांबलो आणि त्याचं चाक दाबून पाहिलं. टणक!

"लेका, हवा तर ठासून भरली आहे की!"

तो ओशाळला. "कुणाला बोलू नकोस. या झाडांखाली अळंबी उगवतात. आजोबांनी दाखवलेली जागा आहे, बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. पण दोन वर्षं झाली, एकही मिळत नाही रे!"

"हवामानच बिघडलंय, गड्या," मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणालो.

माझी सायकल इथे शनिवारी पंक्चर होते.