पिवळ्या गुलाबाचं नाव

तो रविवार इतर रविवारांसारखाच होता. सकाळी सातला मागच्या दारातून बाबांनी हाक मारली, "येतेस ना? ऊन चढलं की वास उडतो." ती वही घेऊन पायरीवर बसली.

बाबांनी पिवळं फूल कापलं आणि वर्तमानपत्रावर एकेक पाकळी सोडवून ठेवली. ती मोजत होती.

"चौतीस."

"पस्तीस. ही आतली बारकी धर."

"ती पाकळी नाही, बाबा. केसरच आहे, जरा लांबलेला."

"मोठी आली शहाणी! लिही पस्तीस. आणि काट्यांपुढे लिही, थोडे, खाली वळलेले."

बाकी सहा दिवस बाबा बोलत ते 'दार लाव', 'पंखा बंद कर' इतपतच. हा गुलाब आधीच्या भाडेकरूंनी लावलेला. कोणत्या जातीचा, नाव काय, ते सांगायला कोणी उरलं नव्हतं. बाबांनी गुलाबांच्या जुन्या याद्या पालथ्या घातल्या, जाणकारांना पत्रं धाडली. उत्तर दर वेळी वेगळं यायचं आणि बाबांना एकही पटायचं नाही.

तिला नाव ठाऊक होतं. या घरात राहायला आले त्या आठवड्यात, सात वर्षांची असताना, बुंध्याला तारेने बांधलेली, गुलाबाचं नाव कोरलेली पत्र्याची पट्टी तिने सोडवून नेली होती, बाहुलीच्या घराला पाटी म्हणून. दोन दिवसांत पट्टी गटारात पडली. आधी माराच्या भीतीने ती गप्प राहिली. मोठी झाल्यावर भीती गेली, तरी गप्पच राहिली.

"सापडेल गं," बाबा हात झटकत उठले. "पळून कुठे जातंय?"

सोमवारी दुपारी तिला ऑफिसात फोन आला. बसथांब्यावर बाबा बसल्या जागी गेले होते.

महिन्याभराने नर्सरीवाले आले. या गुलाबाच्या काड्यांवरचे डोळे जंगली गुलाबाच्या खुंटांवर भरून त्यांना रोपं करायची होती. काड्या द्यायचं बाबांनीच कबूल केलं होतं. नर्सरीवाल्यांनी सहा काड्या कापल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि खिशातून कोरी चिठ्ठी काढली.

"बिननावाचं रोप कोणी घेत नाही, ताई. मी म्हणतो, तुमच्या बाबांचंच नाव देऊ. इतकी वर्षं यापायी झिजले ते. लिहू?"

बाबांचं नाव. दर रोपावर, कुठल्या कुठल्या अनोळखी अंगणांत. 'हो' अगदी तिच्या ओठांवर आलं.

"याला नाव आहे," ती म्हणाली. "नवलाई."

"काय सांगता! कधी सापडलं?"

"सात वर्षांची होते तेव्हा."

"अहो, मग एका शब्दाने सांगायचं नाही का त्यांना?"

तिने चिठ्ठी त्यांच्या हातून घेतली, गुडघ्यावर ठेवून नाव नीट लिहिलं, आणि मान वर न करता म्हणाली,

"सांगितलं असतं, तर बाबा माझ्याशी कशाबद्दल बोलले असते?"