सितारामपेक्षा लांब शब्द

"टेस्टी नको," महारुद्र आचारी म्हणाला. "टेस्टी त्या सितारामानं लिव्हलंय. त्याच्यापेक्षा लांब शब्द काढ."

वैष्णवीनं मान वर न करता मोबाइलवरचं 'टेस्टी' पुसलं आणि 'डिलिशस' लिहिलं.

"हे किती अक्षराचं?"

"नऊ."

"अन् त्याचं?"

"पाच."

"ऱ्हाऊ दे मग."

सेलूत नावाजलेले आचारी दोनच, आणि दोघांमधून विस्तव जात नव्हता. कापसाच्या जिनिंगवाल्या राजेश्वरशेठच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. व्याही बंगळूरचे, त्यांना मराठीचा गंध नव्हता. म्हणून शेठनं दोन्ही आचाऱ्यांना सांगितलं, आपल्या एखाद्या पंगतीचा फोटो आणि खाली इंग्रजीत वर्णन संध्याकाळपर्यंत पाठवा. व्याही ज्याला पसंत करतील त्याचा स्वयंपाक. तीन हजार पानांचं लग्न. ते हातचं गेलं तर पुढची दहा वर्षं तालुका सितारामच्याच दारात उभा राहणार, हे महारुद्र पुरतं ओळखून होता. रात्रभर त्याचा डोळा लागला नव्हता.

घरात इंग्रजी येत होतं फक्त पुतणीला. आणि पुतणीवर त्याचा काडीचा भरवसा नव्हता. असणार कसा? भाऊ गेल्यावर तिचं कॉलेज यानंच बंद केलं. दोन वर्षं ती लसूण सोलत होती, पंगतीत वाढत होती आणि "फुकटचं गिळायलीस" हे दिवसातून दोनदा ऐकत होती. उलटून कधी बोलली नाही. त्याला तेच जास्त खुपायचं.

"फोटो कोणता टाकू?" तिनं विचारलं.

महारुद्रनं तिच्या हातातून आपला मोबाइल घेतला, हातभर लांब धरला आणि अंगठ्यानं फोटो सरकवत राहिला. एकावर थांबला. लांबच लांब पंगत, भरगच्च पानं, आणि पुढच्या पानावर बुंदीचा ढीग.

"ह्यो. बुंदी बघ, एक दाणा फुटला न्हाई. सितारामाच्या बापाला जमायची न्हाई."

वैष्णवी फोटोकडे बघत राहिली. जरा जास्तच वेळ.

"कोपऱ्यातल्या पानावर कुणी बसलेलं न्हाई," ती म्हणाली.

"उठलं आसंल पाणी प्यायला. तुला काय करायचंय? शब्द काढ."

"हाच टाकू?"

"हाच म्हणलं ना! कान फुटलेत का?"

"चालतंय, काका."

सकाळपासून एकेका शब्दासाठी अडून बसलेली ती पोर मग भराभरा लिहायला लागली. वांग्याच्या भाजीला 'सक्युलंट'. बुंदीला 'माउथवॉटरिंग'. सगळ्या जेवणाला मिळून 'एक्स्क्विझिट'. "'यम्मी' न्हाई लिव्हत," ती आपणहून म्हणाली, "ते लेकराचं वाटतंय."

इथं महारुद्रच्या मनात पाल चुकचुकली. या पोरीला एवढा उमाळा? नक्कीच कुठंतरी शिवी घुसडली असणार. त्यानं मोबाइल हिसकावला, मोटरसायकलला किक मारली आणि थेट बन्सीधर सरांचं घर गाठलं. सरांनी तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं होतं.

सरांनी दोनदा वाचलं. "सक्युलंट म्हणजे रसरशीत. माउथवॉटरिंग म्हणजे बघूनच तोंडाला पाणी सुटावं असं. एक्स्क्विझिट म्हणजे अप्रतिम. काय शोधताय तुम्ही यात?"

"वाईट शब्द. एखादा तरी आसंल की."

"एकही नाही. पोरीनं फार निवडून लिहिलंय."

महारुद्रनं तिथंच, सरांच्या ओट्यावर, फोटो आणि वर्णन शेठला पाठवून दिलं. परतताना मुद्दाम सितारामच्या दारावरून गाडी घातली आणि तिथं विनाकारण दोनदा हॉर्न वाजवला.

दुसऱ्या दिवशी शेठचा निरोप आला. महारुद्र कडक इस्त्रीचा सदरा घालून गेला. शेठ उठला नाही, बस म्हणाला नाही. शेजारी बाजेवर त्याची म्हातारी आई, गौराबाई, बसली होती.

"व्याह्यांना तुमचंच पसंत पडलं होतं," शेठ म्हणाला. "मी होकार कळवणारच होतो. मग आईला फोटो दाखवला, अन् खालचं मराठीत वाचून दाखवलं."

त्यानं दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि मोबाइल महारुद्रच्या नाकासमोर धरला. कोपऱ्यातलं ते रिकाम्या जागेपुढचं पान. पानाशेजारी समई. समईमागं पाटावर ठेवलेली तसबीर, चेहरा हारात झाकलेला.

"ही तेरवी हाय," गौराबाई म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता, पण रागानं. "तेरवीच्या जेवणाला कुणी चांगलं झालंय म्हणतं का रे? खाली मान घालून खायचं अन् न बोलता उठायचं. अन् तू त्याच्याखाली तोंडाला पाणी सुटलं म्हणून लिव्हतूस? माझ्या नातीच्या लग्नासाठी?"

"मी न्हाई, आई, ते पोरीनं..."

"चालता हो. पुन्यांदा या दारात पाय ठिवू नको."

बाहेर पडताना फाटकात सिताराम भेटला. त्यालाही निरोप गेला होता. तो नुसता हसला. महारुद्रच्या अंगाची लाही लाही झाली.

घरी येऊन त्यानं वैष्णवीच्या पुढ्यातलं लसूण सोलायचं सूप लाथेनं उडवलं.

"सटवे! मातीत घातलंस मला! ठावं होतं तुला, तेरवी हाय म्हणून!"

"होतं," ती म्हणाली. "मी तुमाला दोनदा इचारलं."

"तोंड वर करून सांगतीस? कोणत्या मेल्याचा फोटो होता त्यो?"

वैष्णवी उठून उभी राहिली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं त्याच्या डोळ्यांत डोळे घातले.

"फोटो तुमीच काढलाय, काका. मी रडत वाढायले होते, तर तुमी म्हणलात, बाजूला सरक, बुंदी दिसंना. तुमच्या सख्ख्या भावाची तेरवी हाय ती."