गरम माप

केतकीने मायक्रोमीटर तिसऱ्यांदा लावला. आकडा तोच. काल तिने पास केलेले साठही शाफ्ट थंड झाल्यावर केसभर बारीक भरत होते. जाड असते तर लेथवर पुन्हा कातून बारीक करता आले असते; बारीक झालेला माल सरळ भंगारात जातो.

काल लेथवरचे नलवडेमामा म्हणाले होते, "मॅडम, शाफ्ट गरम हाय. जरा निवू द्या, मग मोजा." पण पाळी सुटायच्या आत साठ पुरे करायचे होते. शाफ्ट उतरतील तसे ती मोजत गेली आणि माप बरोबर येत गेलं.

सुपरवायझर कागद घेऊन आला. "मामा, हा तिसरा मेमो. आता घरीच बसवतील तुम्हाला."

"मशीन माझं, चूक माझी. कुठं सही करू?"

केतकीला रडू आलं नाही, भीतीही वाटली नाही. धातू तापला की किती फुगतो, याचं सूत्र तिला पाठ होतं. परीक्षेत त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण होते.

तिने मामांच्या हातातलं पेन घेतलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'ऑपरेटरने थांबायला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.' खाली स्वतःची सही केली.

"मॅडम, तुमची नोकरी अजून पक्की नाही," सुपरवायझर म्हणाला.

"माहीत आहे."

तो गेल्यावर मामांनी लेथ सुरू केला. पहिला शाफ्ट उतरवून टेबलावर ठेवला. केतकीचा हात मायक्रोमीटरकडे गेला.

"ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाले. "तो निवंस्तोवर चहा घेऊ."