दुप्पट गुण

बुधवारच्या मॅचला पेठेतल्या लोकांनी आपापल्या फँटसी टीममध्ये ज्यांना जास्त घेतलं, तेच अकराजण मैदानात उतरणार होते. बाळाला पाजता पाजता केतकी आपली टीम लावत होती. नवऱ्याच्या, इंद्रजितच्या फोटोखालचं हृदय आज लाल झालं होतं; त्याच्या छातीतला सेन्सर हृदयाला धोका असल्याचं सांगत होता. लाल हृदयाच्या खेळाडूला दुप्पट गुण मिळत. तिनं त्याला वगळलं.

"वैनी, दादालाच विसरलासा की!" तिच्या मोबाइलमध्ये डोकावत दीर हसला. "अख्खी पेठ त्याच्या जिवावर हाय!"

"जिवावर उठलीय," ती पुटपुटली.

संध्याकाळी बूट बांधताना इंद्रजित खुशीत होता. "सगळ्यांनी मलाच घेतलंय. फक्त एक मत कमी पडलं. कोण गं एवढा वैरी?"

केतकीनं बाळ त्याच्या छातीशी दिलं.