साकूच्या छपराचा मान

किकुयोने साकूच्या चुलीत ओंडका सरकवला आणि मान वर केली, तर दारात माणूस उभा.

"साकूआजी आहेत का? मी नागासे. सावडीच्या मंडळातून आलोय, छपराचं बघायला."

 खोटं बोलायचं तर रेटून बोलावं, एवढं किकुयोला कळत होतं.

"आत्ताच गेली बघा डोंगरात, कोवळी भाजी आणायला. बर्फ वितळायला लागलं की तिचा पाय घरात ठरत नाही. बसा, चहा टाकते."

साकू डोंगरात नव्हती. पानगळीच्या दिवसांत ओसरीवरून घसरून तिचा खुबा मोडला होता आणि तेव्हापासून ती खाली शहरातल्या दवाखान्यात पडून होती.

वाडीत दर वसंतात एकच छप्पर शाकारलं जाई. सावडीने, म्हणजे सगळ्यांनी मिळून गवत कापायचं, सगळ्यांनी मिळून चढवायचं. हात कमी झाले होते, दुसऱ्या घराला पुरेल एवढं गवतही जमत नव्हतं. यंदाचा मान साकूच्या घराचा होता. मात्र नियम कडक. ज्या घरात माणूस नांदतो, त्याच घराला गवत. साकू इथे नाही हे मंडळाला कळलं असतं, तर मान पुढच्या घराला गेला असता आणि साकूच्या छपराने आणखी एक हिवाळा काही काढला नसता. मग ती परत येणार तरी कुठे?

म्हणून किकुयो रोज बर्फ तुडवत यायची आणि चूल पेटवायची. धूर लागला की गवताला कीड लागत नाही. शिवाय छपरातून धूर निघताना दिसला की घरात माणूस आहे असं लांबूनही वाटतं. वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण अळीमिळी गुपचिळी. हा नागासे तेवढा खालच्या गावचा आणि मंडळात नवा.

पुढचं घर म्हणजे खुद्द किकुयोचं. सकाळीच ती आपल्या अंथरुणाशेजारी गळतीखाली घमेलं ठेवून आली होती. पण त्याचा विचार करायचा नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं.

नागासे शिडीने माळ्यावर गेला. पूर्वी तिथे रेशमाचे किडे पाळत. वर त्याच्या पावलांचा आवाज येत राहिला, आणि किकुयो उगीचच निखारे सारखे करत बसली. तो उतरला तेव्हा त्याचे हात काजळीने काळे झाले होते.

"धूर छान मुरलाय. रोज पेटवतात वाटतं चूल."

"रोज. अंधारात उठते ती."

"पण त्यांचा खुबा मोडला होता ना?"

चोराच्या मनात चांदणं. किकुयोने चहा ओतता ओतता किटली जरा जास्तच वाकवली.

"त्याला झाले की महिने. आता बकरीसारखी चढते. हाडं आमच्या वेळची आहेत, साहेब, तुमच्यासारखी दुकानातली नव्हेत."

नागासे हसला आणि मुरवलेल्या मुळ्याची फोड तोंडात टाकून आरामात मांडी घालून बसला. उठायचं नाव काढेना.

तेवढ्यात कॅमेरा गळ्यात अडकवलेलं एक जोडपं दारातून डोकावलं. अशी माणसं आता दिवसभर येत. त्यातल्या बाईने विचारलं, "इथे खरंच कुणी राहतं का हो?"

"राहतं तर," किकुयो नको तेवढ्या मोठ्याने म्हणाली. "मालकीण डोंगरात गेलीये. या हो आत, पण बूट काढून."

ते आपल्या नाड्यांच्या बुटांकडे पाहून दारातूनच परतले. नागासेने सगळं ऐकलं आणि मुळ्याची आणखी एक फोड उचलली.

"जेवायपर्यंत येतील का आजी?" त्याने जरा वेळाने विचारलं.

"तिचा काही नेम नाही."

हे मात्र खरं होतं. दोघी एकाच हिवाळ्यात या वाडीत नांदायला आल्या होत्या. नवरे गेले, मुलं शहरात गेली, पण सकाळी अंगणापलीकडून साकूचं खोकणं ऐकल्याशिवाय किकुयोचा दिवस कधी सुरू झाला नव्हता. आता घरभर नुसती शांतता असायची आणि ती तिला सोसत नव्हती.

नागासे उठून दारात गेला. तिथून किकुयोचं घर समोरच दिसत होतं.

"ते तुमचं ना? उत्तरेकडून बरंच शेवाळ धरलंय."

"शोभेला आहे ते. पाहुणे त्याचेच तर फोटो काढतात."

"गळत नाही?"

"थेंब नाही. माझ्यानंतरही आणखी एक पिढी काढेल ते. तुम्ही इकडचं बघा, साहेब. तिकडची काळजी नको."

"बरं." त्याने बूट चढवले. "मग ठरलं. बर्फ पुरतं गेलं की गवत वर आणतो."

"साकूच्या छपरावर ना?"

नागासे वळला. त्याने आधी चुलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मला साकूआजींनीच पाठवलंय," तो म्हणाला. "दवाखान्यात भेटून आलो. म्हणाल्या, मी आता लेकीकडेच राहणार, माझं गवत किकुयोच्या घरावर चढव. पण आधी तिच्याकडे जाऊन ये. ती म्हणेल, साकू डोंगरात गेलीये आणि माझ्या घरात थेंब गळत नाही. ती जे सांगेल, त्याच्या बरोबर उलट धर."